कोचच्या अंगणातली पाटी

प्राचार्य हॅगुडसाहेब, नमस्कार. फुटबॉलच्या कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकून त्याचा अपमान कोणी केला, हे विचारत तुमच्या कॉलेजचा पहारेकरी गल्लीभर फिरतोय. पाटी उपटून घेऊन गेलाय, ती आधी परत करा.

होय, पाटी मीच ठोकली.

आधीचा कोच चार सामने हरला, तेव्हा 'घर विक आणि गाव सोड' म्हणून त्याच्या अंगणात लोकांनी अशा नऊ पाट्या ठोकल्या होत्या. लोक त्याला शिव्या घालायचे, पण शनिवारी स्टेडियमात पाय ठेवायला जागा नसायची. हा आताचा कोच लॅसिटर सहा हरला, तरी कोणी हूं की चूं करत नाही. माझ्या रांगेत मी आणि माझे उकडलेले शेंगदाणे, बस्स. म्हटलं, आपण तरी एक ठोकावी.

सकाळी त्याची बायको रोनेट हसत आली. "ओलेटा आजी, अक्षर तुमचंच ना? हे म्हणाले, राहू दे, एका माणसाला तरी राग आलाय!"

मग अपमान झाला कोणाचा? सहा आठवडे तुम्ही त्याच्या बाजूने तोंड उघडलं नाहीत आणि आज एकदम एवढा पुळका? मला वेगळाच वास येतोय. नवा कोच तुम्ही ठरवून बसलायत, आणि माझी पाटी पुढे करून म्हणणार, "बघा, गावालाच हा नको होता."

शनिवारी लॅसिटर मैदानात दिसला, तर हे पत्र शेगडीत घालीन. नाही दिसला तर टपालात पडेल, आणि उत्तर तुम्ही स्वतः लिहायचं, ऑफिसातल्या त्या गोडबोल्या पोरीने नाही.

बत्तीस वर्षं त्याच बाकावर बसणारी,
ओलेटा प्रुइट