जाहिरात कुणाला दाखवायची?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दाबलं एकदाचं! सकाळपासून बोट त्या निळ्या बटणावर घुटमळत होतं. नवरा म्हणाला, बाँब नाही तो, जाहिरात आहे. मग डोळे मिटून दाबलं.

फोटो चांगला आलाय. मी गाडीच्या दारापाशी उभी, हातात किल्ली, मागे आमचंच फाटक. वर लिहिलंय – महिलांसाठी कार ड्रायव्हिंग, शिकवणारीही महिलाच. खाली बटण – "चौकशी करा." ते दाबलं की मला निरोप लिहायला चौकट उघडते. पैसे देऊन जाहिरात करायची ही माझी पहिलीच वेळ. सगळं आपापलं वाचून केलं, कुणाला विचारलं नाही.

गाडी जुनी आहे, पण माझी आहे. माझ्या पायाशीही क्लच-ब्रेक बसवून घेतलेत. आमची दोघांची होती नव्हती ती शिल्लक तिच्यात गेली. महिनाअखेरपर्यंत शिकणाऱ्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि परत सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. सर वाईट नाहीत. "तोवर तुमची जागा कुणाला देत नाही," म्हणालेत. पण ती जागा टेबलामागची! शिकवायला पुरुष बरे, बाई टेबलावर बरी, असं त्यांचं साधं गणित. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना गाडीत बसवून दिलं आणि स्वतः लायसन्सचे कागद लावत बसले. परत ती खुर्ची नको!

सासूबाईंना फोटो दाखवला. (मी त्यांना आईच म्हणते.) चष्मा पुसून पुन्हा पाहिला. छान आलीयेस म्हणाल्या, पण दमलेली दिसतेस. मग माझा फोन त्यांनी बराच वेळ परत दिला नाही.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

केवढ्या लोकांनी पाहिली! आकडा बघून मी नवऱ्याला हाका मारून अंघोळीतून बाहेर काढलं.

फोन एकही नाही. कॉमेंटा मात्र रग्गड. आत्या – "लेकी, किती वाळलीस, वेळेवर जेवतेस ना?" मामा – "गाडी कितीला पडली?" मावशी – "तुझ्या आईला म्हणावं फोन उचल." नणंदेनं नुसतेच बदाम टाकलेत, ओळभर. जाहिरात आहे की घरचा ओटा, कळेना.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेवटी विचारलंच. धाकट्या दिरांना फोन केला. ते दुसऱ्या शहरात असतात, कंपन्यांच्या जाहिराती बघतात. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "वहिनी, जाहिरात कुणाला दाखवायची म्हणून सांगितलंत?"

मी कुणाला काय सांगणार? जे आधीपासून निवडलेलं होतं तेच राहू दिलं – पेज आवडणारे आणि त्यांची मित्रमंडळी. भाऊजी खो खो हसत सुटले. पेज आवडणारे म्हणजे कोण? माझं माहेर आणि माझं सासर! म्हणजे मी चांगले पैसे मोजून आत्याला माझा फोटो दाखवत होते. माझा लग्नातला फोटो तिच्या घरच्या भिंतीवर फुकट लागलेला आहे.

पुढचं आणखी मजेदार. बटण कोण दाबतं ते बघून ते यंत्र तशीच आणखी माणसं शोधतं आणि त्यांना जाहिरात दाखवतं. आणि माझं बटण दाबणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. "तुमच्या ओळखीत असं कोण आहे?" भाऊजींनी विचारलं. मी मान वळवून बघितलं. बाहेरच्या खोलीत आई खिडकीपाशी बसून, फोन हातभर लांब धरून, माझी जाहिरात उघडून बटण दाबत होत्या. दाबायचं, थोडं थांबायचं, बंद करायचं. परत दाबायचं.

"तुमच्याच मातोश्री," मी म्हटलं. आता हसायची पाळी माझी.

मग आईंपाशी बसून नीट सांगितलं. उगाच दाबू नका हं, दर वेळी पैसे जातात आणि ते यंत्रही चुकीचं शिकतं. "हो का? मला माहीत नव्हतं ग," म्हणाल्या आणि फोन उपडा ठेवून दिला.

सुनेचं कौतुक म्हणून करत होत्या बिचाऱ्या. रागवावं तरी कसं? लग्न होऊन आले तेव्हा माझी गाडीची हौस बघून चारजणींनी नाकं मुरडली होती, आईंनी एकदाही नाही. फार आवडतात मला. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे लिहिते.


सोमवार, १० फेब्रुवारी

फोन आले! एक नाही, चांगले चार-पाच!

सगळ्या आज्या. सगळ्यांना नातीसाठी विचारायचंय. मी आपली उत्साहानं सांगतेय – गाडी कुठली, वेळ कुठली, सराव कुठे. तर प्रश्न भलतेच. नातीला गुडघ्याचा थोडा त्रास आहे, क्लच फार जड असतो का? नात जरा घाबरट आहे, तुम्ही ओरडत तर नाही ना? एकीनं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तर चालतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, विशी-बाविशीत मोतीबिंदू? तिकडून फोनच ठेवला.

आजकालच्या मुलींच्या तब्येती म्हणजे अवघडच आहे. असो. शनिवारी येऊन गाडीत बसून बघा, त्याचे पैसे नाहीत, असं सगळ्यांना सांगितलंय.


बुधवार, १२ फेब्रुवारी

भाऊजींनी सांगितलं तसं सगळं बदललं. आपलंच शहर, बायका, वय अठरा ते पस्तीस. आता खऱ्या शिकणाऱ्या येतील.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

शुकशुकाट.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शुकशुकाट. आज्यांचेही फोन बंद झाले. पोरी जाहिरात बघतात आणि पुढे जातात. त्यांच्याकडे स्कूटर आहे, गाडीचं काय अडलंय?

नवऱ्यानं जेवताना हळूच विचारलं, सरांशी बोलून ठेवायचं का. मी पाणी प्यायले आणि विषय बदलला.

आई म्हणाल्या, तुझी जाहिरात हल्ली मला दिसत नाही ग. मी म्हटलं, तुमचं वय बसत नाही आता, पस्तिशीच्या आतल्यांनाच दाखवतात! नवरा हसला, मी हसले. आईही हसल्या, पण जरा मागाहून.


शनिवार, १५ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायला हवं.

बंद कारखान्याच्या मैदानावर सकाळपासून गाडी घेऊन उभी होते. एकही नात आली नाही. आवरून निघणार, इतक्यात एक बाई रिक्षातून उतरल्या. सत्तरीला आलेल्या, केस नीट बांधलेले, पायात नवेकोरे कॅनव्हासचे बूट. नात आली नाही म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघत – "आलेच आहे तर मी जरा बसून बघू का?"

बसा की. मी दार उघडलं. डावीकडचं. त्या जागच्या हलल्या नाहीत. उजवीकडच्या दाराकडे बघत राहिल्या.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला! गुडघे, मोतीबिंदू, घाबरटपणा – नाती कुठल्या आल्यात! या स्वतःसाठीच विचारत होत्या सगळ्या. आणि मी त्यांना गाळून टाकलं, बटण दाबून, वय लिहून.

सीट पुढे घेतली, पाठीला उशी दिली. क्लच म्हणजे काय सांगितलं. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा हलली, गोगलगायीच्या वेगानं, आणि बाईंनी श्वासच रोखून धरला. मी म्हटलं, श्वास घ्या, गाडी त्यावर चालत नाही. मैदानाची एक फेरी पूर्ण केली. थांबल्यावर हात स्टिअरिंगवरच.

मी विचारलं, गाडी घेऊन कुठे जायचंय? मला वाटलं लेकीकडे म्हणतील, दवाखाना म्हणतील.

"कुठेच नाही," म्हणाल्या. "मला कुणी सोडायला येईल का, असं विचारायचं नाहीये. एवढंच."

नातीचं खरं काय, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं – नात आहे, तिला गाडी येते. घरी कुणाला कळू नये म्हणून बूटसुद्धा पिशवीत लपवून आणले होते, रिक्षात घातले.

घरी येताना मी एकटीच गाडीत रडले थोडी. का ते सांगता येत नाही.


रविवार, १६ फेब्रुवारी

नवी जाहिरात. ह्या वेळी फोटोत मी नाही. त्या बाईंचे बूट क्लचवर, एवढंच. त्यांना विचारून काढला. मजकूर मी आणि नवऱ्यानं बसून लिहिला – "नातीसाठी नको. तुमच्यासाठी विचारा. गुडघे दुखतात? चालेल. भीती वाटते? चालेल. घाई नाही, ओरडणं नाही." वय – पंचावन्नच्या पुढे.

भाऊजी म्हणाले, वहिनी, असा मजकूर आमच्या ऑफिसात कुणाला सुचला नसता. मग म्हणाले, पण या वयात कोण शिकणार? मी म्हटलं, बघाच.

आईंना वाचून दाखवला मजकूर. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मी म्हटलं, तुम्ही नुसतं बघा हं, बटणाला हात नाही! नाही लावत म्हणाल्या.


बुधवार, १९ फेब्रुवारी

फोन ठेवायला उसंत नाही! "मी माझ्यासाठी विचारतेय," अशी सुरुवात करतात आता. एकीनं हे वाक्य इतक्या जोरात म्हटलं की मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

दुपारी बूटवाल्या बाईंच्या मुलाचा फोन. चांगलाच तापला होता. आईच्या डोक्यात काय भरवताय, काही झालं तर जबाबदार कोण. मी शांतपणे सांगितलं की माझ्या पायाशीही ब्रेक आहे, मैदान मोकळं आहे. ऐकेना. "तिला हवं तिथे आम्ही सोडतो की. तिला गाडी घेऊन जायचंय कुठे?"

मी म्हटलं, "हे तुम्ही त्यांना विचारलंत का कधी?"

 मग बरं म्हणून ठेवला. आता ह्या बाई येत नाहीत, असं धरून चालले.


गुरुवार, २० फेब्रुवारी

आल्या! बूट घरूनच घालून. मुलानं आणून सोडलं, आणि मैदानाच्या फाटकाबाहेर उभा राहून पूर्ण वेळ बघत होता. तिसऱ्या फेरीला त्यांनी त्याला हॉर्न दिला.


सोमवार, २४ फेब्रुवारी

अंग ठणकतंय. दिवसभर माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय. एकीला आरसा फक्त केस बघायला असतो असं वाटतं. दुसरी वळण घेताना गाडीशी बोलते – "चल बाई, वळ आता." दोघी शेजारणी आहेत, एकमेकींपासून चोरून शिकत होत्या. आज मैदानावर समोरासमोर आल्या. आधी दोघींचीही तोंडं पडली, मग हसून हसून खाली बसायची वेळ आली.

खूप वर्षांनी मला सकाळी उठावंसं वाटतंय. हेही इथे लिहिते, कारण नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, मी म्हणतच होतो!

घरी आलं की आईंना सगळं सांगते, नकला करून. त्या कान देऊन ऐकतात, मध्येच प्रश्न विचारतात. हाफ क्लच म्हणजे नक्की काय? चढावर गाडी मागे येते तेव्हा आधी काय करायचं? ऐकायलाही धीर लागतो, त्यांना तर मागच्या सीटवरसुद्धा धडधडतं. वरची कडी धरून बसतात.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सगळ्या वेळा भरल्या. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. सरांना फोन करून सांगितलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. सर म्हणाले, "आमच्या बहिणीला शिकवाल का? बासष्टची आहे." पुढच्या महिन्यात बघू म्हटलं! सरांना पुढच्या महिन्यात बघू म्हणायला मिळालं, ह्याचा आनंद लपवता आला नाही.

जाहिरात थांबवली. जेवताना जाहीर केलं – जागा भरल्या, आता कुणीही कितीही बटण दाबा! नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग लवकर जेवून उठल्या.


शनिवार, १ मार्च

दुपारी भांडी पुसताना आई म्हणाल्या, "सगळ्या जागा भरल्या म्हणजे आता माझा नंबर नाही ना?"

कसला नंबर, मी विचारलं.

"अग, त्या बटणावर चौकशी करा असं लिहिलं होतं. म्हणून करत होते. दाबलं की पांढरी चौकट उघडायची. मी थांबायचे, तू काही विचारशील म्हणून. मग तू दाबू नका म्हणालीस."

उद्या सकाळी सहा वाजता, सगळ्यांच्या आधी. सीट आत्ताच जाऊन पुढे घेऊन आले.