राईची वाट आणि माझा सोपा

८ जुलै, मंगळवार

सोप्यावर, पुढच्या ओसरीत, चपलांचा ढीग! किती दिवसांनी. मी दार उघडं टाकून नुसती बघत राहिले.

झालं असं — शेजारच्या मंडळींची बैठक होती आणि देवळाचं सभागृह गळतंय. गौरवी (तिसऱ्या घरातली, कॉलेजात शिकवते) भिजत दारात आली. "काकी, थंय पाणीच पाणी. तुमच्या सोप्यार बसूं काय आमी? अर्दो वर." अर्धा तास म्हणाली आणि दिवेलागणीपर्यंत बसली सगळी. बसेनात का!

विषय माझ्या घरामागच्या राईचा. पालिका राईतून फरशीची वाट काढणार आहे — सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी, बाजारापासून थेट औद्योगिक वसाहतीपर्यंत. डिचोली शहरात एवढी एकच झाडी उरलीय, तीही जाणार म्हणून ह्या मंडळींचा विरोध. त्यांचा पुढारी शांताराम. "मायनिंगान आमचो डोंगर खाल्लो, आता उरिल्ली राय पालिका खातली!" खाणीवर त्याचेच दोन टिपर ट्रक चालायचे, पण ते कोण काढतंय! आवाज मात्र खणखणीत.

कपाटातले चहाचे चांगले कोप काढले. हे गेल्यापासून काढलेच नव्हते.

९ जुलै

कोप धुऊन मेजावर पालथे घातलेत. कपाटात ठेवलेच नाहीत. उगाच वर-खाली कशाला करायचं?

१२ जुलै, शनिवार

आलीच परत! आता बैठक इथेच व्हायची असं ठरलं. कोणी विचारलं नाही, मीही हरकत घेतली नाही.

इथे लिहायला हरकत नाही, दुसरं वाचतंय कोण. मला ती वाट हवी आहे. नकाशा गौरवीनेच आणला होता, माझ्याच मेजावर पसरला. वाट माझ्या स्वयंपाकघराच्या जनेलासमोरून जाते. अगदी हाताच्या अंतरावरून! सकाळी कामाला जाणारी माणसं, शाळेची मुलं, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या बायका — मी भाजी चिरत उभी राहीन, कोणीतरी विचारेल, काकी, काय आज? हे बघून मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं.

आता त्या जनेलातून राई दिसते. राई सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय. पण राई "जेवलात का" असं विचारत नाही.

१५ जुलै, मंगळवार

आज माटोळीवरून वातावरण तापलं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण रानफळांची माटोळी बांधतो, ती फळं इथली मंडळी ह्याच राईतून आणतात. शांताराम उठून उभाच राहिला — "कांगलां, घागऱ्यो, कवंडळां खंय मेळतलीं मागीर? देवाची माटोळी बाजारांत इकती घेवन बांदची?" टाळ्या! गौरवीने पक्ष्यांची नावं सांगितली, त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिचारी.

मग तिने मला विचारलं, "काकी, तुमचें मत कितें?"

मी म्हटलं, चहा टाकते.

२० जुलै, रविवार

तनयाचा फोन बेंगळूरहून. "आई, आज आवाज वेगळाच लागतोय तुझा. काय झालं?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग तू कुठल्या बाजूला? मी म्हटलं, सोप्याच्या! हसली. मग तिला दुसरा फोन आला.

२४ जुलै, गुरुवार

पालिकेत सुनावणी सात ऑगस्टला. आणि बोलायचं कोणी? मी! शांताराम म्हणतो, "आमी उलयल्यार राजकारण. काकीन उलयल्यार काळजाक लागतलें." राईला लागून घर माझं, वय झालेलं, एकटी बाई. एकटेपणाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

हो म्हणून बसले. नाही म्हटलं असतं तर उद्यापासून बैठक कोणाच्या सोप्यावर भरली असती? शांतारामचं घर मोठं आहे. शिवाय त्याची बायको भजी उत्तम करते.

२९ जुलै, मंगळवार

आता रोज येतात. भाषण बसवायला. गौरवी जेवूनच गेली आज — साधंच, शीतकडी नि सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर. दोन वेळा भात घेतला. "काकी, म्हाका घरांत कोण असो वाडीना!" बोलता बोलता माझ्याच पदराला हात पुसले तिने. तनया लहानपणी पुसायची.

राईसाठी भांडते ती मनापासून. मी कशासाठी भांडतेय ते तिला कळलं तर?

१ ऑगस्ट, शुक्रवार

मंगल लादी पुसता पुसता थांबली. ती गडहिंग्लजकडची, माझ्याकडे सकाळचं काम करते. नवरा दिनकर वसाहतीत कारखान्यात. म्हणाली, "बाई, त्या मिटिंगा कशाच्या वो? वाट नको म्हंत्यात व्हय सगळी?"

सांगितलं.

"आमचं हे सायकलनं जात्यात. हमरस्त्यानं, त्या टिपरांच्या मधनं. परवा एकानं आरसा घासला, हँडलच वाकडं झालं. घरी येस्तोवर माझा जीव टांगणीला असतोय. वाट झाली तर लई बरं हुईल बघा. तुम्ही सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकत्यात सगळी."

मी बघू म्हटलं. तोंडदेखलं. तिला ते कळलं असावं, कारण तिने कोपरा दोनदा पुसला.

खरं तर सोपं होतं. संध्याकाळी गौरवीला सांगायचं — बाई, ही वाट पाहिजे. मंगलच्या नवऱ्याला पाहिजे, मला पाहिजे. झाडं वाचवून वाट काढा, पण काढा. मनात दहादा म्हणून बघितलं. संध्याकाळी सगळी आली, कोणीतरी पोदेराकडून गरम पाव आणले, फुगे आणि उंडे, आणि मी ताटल्या मांडायला लागले.

७ ऑगस्ट, गुरुवार

बोलले!

काय बोलले ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही. म्हटलं, माझे यजमान दर चवथीला पहाटे ह्या राईत जायचे. हातात कोयता, खांद्यावर पिशवी. एकेक फळ निवडून आणायचे. ते गेले, पण राईत गेलं की त्यांची चाहूल लागते. त्या वाटेवर तुम्ही फरशी घालणार?

समोरच्या नगरसेविकेने डोळे पुसले. शांतारामनेही!

आमच्या ह्यांनी आयुष्यात राईत पाय टाकला नाही. सापांची धास्ती! माटोळीचं सगळं सामान आदल्या दिवशी बाजारातून, तेही घासाघीस करून. नार्व्याला मूळ घरी, दिराकडे पोचवायचे आणि वर सांगायचे — रानातलं आहे हो, ताजं! आज ते असते तर मला हसून हसून खोकला लागेपर्यंत चिडवलं असतं.

मागच्या रांगेत दिनकर उभा होता, कारखान्याच्या निळ्या शर्टात. हात वर केला त्याने. "साहेब, आमचं बी जरा—" अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, लेखी द्या. त्याने हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

येताना गौरवीने मला मिठी मारली. मी तिला घट्ट धरून ठेवलं, जरा जास्तच.

८ ऑगस्ट

मंगल कामाला आली. लादी पुसली, भांडी घासली, चहा नको म्हणाली. मी तिचा कोप परत पालथा घातला.

११ ऑगस्ट, सोमवार

जिंकलो! पालिकेने वाट रद्द केली.

सोप्यावर बसायला जागा नाही. पेढे, फटाके, शांतारामचं भाषण, आणि माझ्या गळ्यात हार! सत्कार म्हणे. "काकीमुळें राय उरली." सगळ्यांनी फोटो काढले. मला मधल्या कदेलावर बसवलं, नवरीसारखं. इतकी खूश मी शेवटची कधी होते, आठवत नाही.

निघताना गौरवी म्हणाली, "काकी, आतां तुमकां विसव. कितलो त्रास दिलो आमी तुमकां!"

त्रास!

१२ ऑगस्ट

कोणी नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सवयीने मोठ्या टोपात चहाचं आधण ठेवलं. एकटीने दोन कोप प्यायले, बाकीचा ओतला.

अक्कल गहाण ठेवली होती का मी? भांडण जिंकलं की भांडण संपतं, हे कळायला पन्नास-साठ पावसाळे बघावे लागत नाहीत. हरलो असतो तर कोर्टात गेलो असतो, वर्षानुवर्षं बैठका! आणि गप्प बसले असते तर जनेलासमोर वाट झाली असती. मी दोन्ही घालवलं. आणि त्या दिनकरचीही वाट घालवली, तीही फुकट.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बाजारात गौरवी भेटली. दोन्ही हातांत पिशव्या. "काकी! येतलें हां एक दीस! चवथीची गडबड सोंपूंदी." गेलीसुद्धा. माझं "ये" मी तिच्या पाठीला सांगितलं.

२४ ऑगस्ट, रविवार

मंगल गावी गेली, गौरी-गणपतीला. जाताना म्हणाली, "बाई, एकटं राहू नगासा. नार्व्याला जावा." तिने तरी का माझी काळजी करावी? दोन शब्द बोलायचे होते तिच्याशी. पैसे हातात दिले, नारळ दिला, आणि शब्द राहिले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नार्व्याहून परतले. दिराचा गणपती दीड दिवसांचा, काल पोचवला. माणसांनी भरलेलं घर, पण मी तिथे पाहुणी. "वैनी, तुम्ही बसा" — कोणी खोबरंसुद्धा खवू देत नाही.

इथे आमच्या वाड्यावर पाच दिवसांचे गणपती. संध्याकाळी आरत्या सुरू झाल्या. घुमट, झांजा. सगळी मंडळी एकत्र घरोघर जातात — आधी शांतारामकडे, मग गौरवीकडे, मग खालच्या घरांत. सोप्यावरचा दिवा लावून बसले होते. माझ्या फाटकावरून गेली सगळी, घुमट वाजवत. शांताराम सगळ्यांत पुढे. गौरवीने लांबूनच हात केला.

माझ्याकडे कशाला येतील? गणपती मूळ घरी, नार्व्याला. इथे माटोळी नाही, देव नाही, आरती कोणासमोर करणार? गणपती नसलेल्या घरात चवथीला कोणी शिरत नाही. त्यात कोणाचा दोष नाही, रीतच ती. लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे. पण तेव्हा आम्ही दोघं होतो, दिवा मालवून आम्हीच त्यांच्यामागे जायचो, घुमटाच्या मागे मागे. आज एकटीने उठून जायचं धैर्य झालं नाही. बोलावलं तर जावं. बोलावत कोणी नसतं, सगळी आपसूक जातात, हेही माहीत आहे.

रडले. लिहायला काय लाज!

१ सप्टेंबर, सोमवार

काल गणपती गेले. वाडा शांत. दिवसभर राईत एक कोकीळ ओरडत होता, अवेळी. त्याला म्हटलं, ओरड बाबा, तुझी जागा राखली मी.

३ सप्टेंबर, बुधवार

मंगलचा निरोप आला, अजून चार दिवस लागतील. तनयाने फोन उचलला नाही.

आज तोंडातून शब्दच गेला नाही एक. संध्याकाळी आवाज आहे का म्हणून मोठ्याने खाकरून बघितलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी गौरवीला फोन केला. म्हटलं, राईत दोन माणसं टेप धरून मोजमाप करताना बघितली, पालिकेचीच वाटतात.

"कितें सांगता, काकी! सोडचीं ना तांकां! आज सांजेक सगळ्यांक आपयतां, तुमच्या सोप्यारच."

राईत कोणी नव्हतं. साखर संपलीय, आणायला हवी.