ठशातला डावा हात

पिंपळगाव रेणुकाई,
दि. ९ मार्च १९५७

प्रिय कडूबा,

कचरूमामांनी हे पत्र तुझ्या हाती दिलं असेल. वाचताना चेहरा बदलू देऊ नकोस. मामांना, तुझ्या वडिलांना, वाचता येत नाही, पण ते तुझ्या तोंडाकडेच बघत असतील.

तू औरंगाबादला गिरणीत लागलास तेव्हापासून आपलं ठसा मंडळ चौघांवर आलंय. काम तसंच चालतं. आंब्याच्या फळीवर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं. नियमही तेच: कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलंच कोरायचं, आणि खाली नाव फक्त मंडळाचं. यंदा माघात देवीच्या सभामंडपात दोरीवर एकवीस चित्रं लावली. गोजरबाईनं दळणाच्या चित्रात स्वतःला ओळखलं आणि ओरडली, "मेल्यांनो, माझ्या कमरेचा बाक कशाला काढला रे?" सगळा मंडप हसला. मग लोक शेवटच्या चित्रापाशी गेले.

ते झुंबरबाईच्या गोठ्याचं चित्र होतं. गेल्या चैत्रात कुणीतरी गोठा पेटवला, बैल सोडवायला गेलेला तिचा नवरा आतच राहिला, आणि आग लावणारा सापडला नाही, हे तुला ठाऊक आहे. चित्रात एक पाठमोरा माणूस आहे, डाव्या हातात पेटता पलिता. गावात डावरा माणूस एकच. कुणी नाव घेतलं नाही. मामाच हसत म्हणाले, "हा तर माझ्यावानीच दिसून राह्यला!" त्यांच्यासोबत कुणी हसलं नाही.

पाटील रखमाजीनाना मात्र बराच वेळ चित्रासमोर उभे होते. "बराबर काढलंय," म्हणाले. "चावडीत लावा. खर्चा माझा." आता ते चावडीत आहे. मामांना कुणी कामाला बोलावत नाही. झुंबरबाईचे दोघे भाऊ आठ दिवसांपासून गावात मुक्कामाला आहेत. काल त्यातल्या एकानं मला सहज विचारलं, "कचरू मळ्यात एकलाच असतो का?" मी "न्हाई" म्हणालो. तो म्हणाला, "मंग सोबत कोण असतंय?"

कडूबा, ते चित्र मी कोरलंय. त्या तिन्हीसांजेला मी रखमाजीनानांना पाहिलं होतं. तोंड कोरायची छाती झाली नाही, म्हणून पाठ कोरली. पलिता त्यांच्या उजव्या हातात होता आणि फळीवर मीही तो उजव्याच हातात दिला. छापलं की चित्रातलं डावं-उजवं फिरतं, हे मला का ठाऊक नव्हतं? मंडळाच्या नावाची अक्षरं मी दर वेळी उलटी लिहून आरशात तपासतो, एक काना चुकू देत नाही. हात तपासला नाही. कागद उचलला तेव्हा चूक दिसली. पाठच तर आहे, कोण ओळखणार, असं म्हणून मी तो दोरीला लावला. त्यानंतर चोवीस दिवस गप्प राहिलो. तू आजारी आहेस असं खोटं सांगून आज मामांना सकाळच्या मोटारीत बसवतोय. मोटार भोकरदनच्या रस्त्याला लागली की मी फळी घेऊन झुंबरबाईच्या दारात जाणार. वाटेत नानांचं घर लागतं, दुसरी वाट नाही. माझं पुढचं पत्र येईपर्यंत मामांना परत पाठवू नकोस. आणि ते आलंच नाही, तर कधीच पाठवू नकोस.

तुझाच,
बद्रीनाथ