फौजदाराच्या जबड्यातली कोळंबी

३ जून

ती. ताईस,
कृतानेक शि. सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत फौजदार एकटाच मिरवतो, हे तुला माहीत आहेच. ट्रिगर जातीचा मासा तो. काचेवर बोट ठेवलं तरी अंगावर धावून येतो. परवा मी लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी आणली. ही म्हणे माशांच्या तोंडात शिरून सफाई करते आणि मासे आ वासून गुपचूप उभे राहतात. माझ्या पेशंटांपेक्षा शहाणेच म्हणायचे. दातांचा डॉक्टर म्हणून मला तिचं कौतुक वाटलं. पण टाकीत सोडली आणि फौजदारानं शेंग फोडावी तशी फोडून खाल्ली. दुसरी आणली, तिचंही तेच. दुकानदार गाढव आहे हे उघड आहे. तू जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंस, तेव्हा काही उपाय असेल तर कळव. व्याख्यान नको.

तुझी ठमी दातांचं काम बरं करते. पुढल्या वर्षी पाटीवर माझ्या खाली तिचं नाव लावीन आणि माझ्यानंतर दवाखाना तिचाच, असं तिला सांगून टाकलं आहे. चारचौघांत मामा म्हणू नकोस, सर म्हण, हेही सांगितलं आहे.

धाकट्यावर कृपा असू दे.

तुझा,
बाळ

९ जून

चि. बाळास अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाढव दुकानदार नाही. ज्या माशाचे दात खेकड्याचं कवच फोडण्यासाठीच घडले आहेत, त्याच्यापुढे तू जेवण वाढलंस आणि वर त्यानं ते खाल्लं म्हणून रुसलास. दातांचा डॉक्टर ना रे तू? त्याच्या तोंडात कधी डोकावला होतास का? हा फौजदार काचेच्या पेटीत एकटा राहून माजला आहे. त्या दवाखान्यात एकटं राहून आणखी कोण माजलं आहे, ते मी लिहीत नाही.

खरं तर हा नाद सोड. ऐकणार नसशीलच, तर काम ठमीकडे दे आणि स्वतः लांब राहा. फौजदाराला काही आठवडे वेगळ्या टाकीत काढायचं आणि दगडांची मांडणी बदलायची, म्हणजे परतल्यावर ती जागा त्याला आपली वाटणार नाही. कोळंबीच्या भांड्यात टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळून मग तिला आधी सोडायचं. फौजदाराला शिरता येणार नाही असं एक भोक तिला हवं. तो परत आला की त्याला पोटभर चारत राहायचं. एवढं करूनही त्याचा भरवसा नाहीच. आणि हे नीट वाच. कोळंबी अधूनमधून कात टाकते. मिशांसकट अख्खं कवच तळाशी पडतं आणि अडाणी लोक ती मेली म्हणून गळा काढतात. ती मात्र नवं कवच घट्ट होईपर्यंत भोकात दडून असते.

पोरीला घालूनपाडून बोलू नकोस. तुझ्याकडे मदतनीस का टिकत नाहीत, ते मला ठाऊक आहे.

तब्येत सांभाळ, आणि रागावलास तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
ताई

२२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं शास्त्र बुडालं. तिसरी कोळंबी आणून ठमीनं तू लिहिलंस तसं सगळं केलं. फौजदार टाकीत परतला आणि काही दिवस चमत्कारच झाला, खोटं कशाला बोलू. तो आ वासून उभा आणि ती त्याच्या जबड्यात. बैठकीतले लोक खुर्च्या सोडून काचेशी गोळा व्हायचे. पण काल सकाळी तळाशी तिचा सांगाडा पडलेला, मिशांसकट. आतलं सगळं मेल्यानं चोखून खाल्लं.

ठमी घाईघाईनं काही सांगायला आली, तेव्हा मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. जिला एक कोळंबी जगवता येत नाही तिच्या हाती माणसांचे दात कसे द्यायचे, असं म्हणालो. बैठक भरलेली होती, त्याला मी काय करू? बाईसाहेबांनी खुर्चीवरचा पेशंट पुरा केला, हातमोजे काढले आणि निघून गेल्या. हल्लीच्या मुलींना एक शब्द सोसत नाही. तुझं पत्र मी त्या टोमण्यापर्यंत वाचून तिच्याकडेच सरकवलं होतं, तेव्हा चूक झाली ती तिचीच. तुझ्याकडे आली असेल तर समजूत काढून पाठव.

राग नसावा.

तुझा,
बाळ

२७ जुलै

बाळास आशीर्वाद, पण मोजकेच. वि. वि.

उचलली जीभ लावली टाळ्याला. इतकी वर्षं दात कोरतोस आणि पोकळ काय, भरीव काय, एवढं तुला कळू नये? तो सांगाडा उजेडाकडे धरून बघ. कोळंबीच्या मिशासुद्धा न मोडता आतलं तेवढं खाणारा मासा अजून जन्माला आलेला नाही. टोमण्याच्या पुढच्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

ठमी इथे आहे. तुझ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. माझी लेक भर बैठकीत अशी बोलणी खाऊन आली, याचं मला फार वाईट वाटलं आहे. समजूत मी काढणार नाही.

याहून जास्त माया आज मागू नकोस.

ताई

१ ऑगस्ट

ती. ताईस,
कृतानेक शि. सा. न. वि. वि.

कोळंबी जिवंत आहे. भोकातून बाहेर आली, पहिल्यापेक्षा थोडी मोठीच दिसते. फौजदार तिच्यासमोर तोंड उघडून उभा होता. ताई, मला माझी लाज वाटली.

आता लपवत नाही. वर्षभर माझा उजवा हात थरथरतो आहे. दाताच्या मुळाशी जाणारं बारीक काम सगळं ठमीच करते. मी शेजारी उभा राहून पेशंटशी गप्पा मारतो आणि नाव माझं होतं. तिनं हे कुणाला कळू दिलं नाही. ती आली नाही तर मला दवाखान्याला कुलूप लावावं लागेल. पाटी याच महिन्यात बदलतो, तिचं नाव वर घालतो, एवढं तिला सांग.

तुझ्या शब्दाला ती नाही म्हणणार नाही, या आशेवर आहे.

तुझा,
बाळ

६ ऑगस्ट

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात तुला सर म्हणायचे, आता मामाच म्हणते. आईनं तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि ती आत निघून गेली.

ती कात आहे हे मला त्या सकाळीच माहीत होतं. भोकात बसलेली कोळंबीही मी पाहिली होती. तेच सांगायला आले होते; एका वाक्याचं काम होतं. तू ते ऐकून घेतलं नाहीस, आणि पुढचं सगळं ऐकल्यावर मलाही ते सांगावंसं वाटेना. सांगितलं असतं तर तुला फक्त कोळंबीचं कळलं असतं.

हात थरथरतो म्हणून माझ्या मनातली तुझी किंमत कधी कमी झाली नाही. मला हत्यार धरायला तूच शिकवलंस. पण मला बोललास भरल्या बैठकीत आणि लाज वाटल्याचं कळवलंस आईला, बंद पाकिटात. वर पाटीचं आमिष. मला ते नाव नको.

पुढल्या महिन्यापासून मी दुसऱ्या दवाखान्यात जाते आहे. अर्धवट राहिलेल्या पेशंटांचा यात काही दोष नाही, म्हणून बुधवारी येऊन त्यांचं काम पुरं करीन. बैठक भरलेली असेल. मी का सोडून चालले, असं लोक विचारतीलच. उत्तर तू द्यायचं आहेस. मी शेजारी उभी राहून ऐकेन.

माया आहे, ती जाणार नाही.

तुझी,
ठमी