सेटल

चि. धाकट्यास आशीर्वाद,

तू तिकडे सेटल झालास, तुझ्या कर्जाचे हप्ते थांबले आणि जामीन म्हणून वसुलीवाला रोज मला फोन करू लागला.

"काका, निम्मे भरा, सेटल करून टाकू."

"शाळा सोडलीय मी, वाचन नाही. 'सेटल' शेरा पडला की क्रेडिट स्कोअर खालीच राहतो. मग मला वर्कशॉपच्या लेथ मशीनसाठी कर्ज कोण देईल? पूर्ण घे, 'बंद' लिही. आमच्यात सेटल झालेला एक पुरे!"

तो खो खो हसला.

काल मी सगळे भरले, खातं बंद झालं. स्कोअर चढेल, लेथही येईल. पण आज फोन वाजला नाही. "काका, जेवलात का?" एवढं तोच विचारायचा.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर तू निमूट पैसे पाठवशील आणि आपलंही खातं बंद होईल.

तुझा जामीन,
दादा