वरून टाकजो

अकोला, २० नोव्हेंबर २०१५

ती. देवमनदादास,
चंदाचा शि. सा. न. वि. वि.

लिहिन्यात चुका असतीन, मोबाईलवर बोटंबी हळू चालतात, माफ कर. आठवीतच शाळा सुटली, तुले मालूमच हाय. फोनवर तू आवाज चढवला का माही जबान बसते, म्हनून लिहून राहिली.

भाऊबीजेले तू सगळ्या पाहुन्यायसमोर सांगतलं का आमच्या चंदीनं स्कूटरच्या गेरचं तेल इंजनात टाकलं, हे ढोर हाय ढोर. मामीले त हसता हसता ठसका लागला. मी पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. आता बोलतो.

तुहाच मेसेज होता, "गेरचं तेल वरून टाकजो." आपल्या घरी झुनक्यावर वरून तेल टाकतो, ते कुठून टाकतो? वरूनच ना! गाडीले झाकनं दोन. एक मांगच्या चाकापाशी, खालतं. एक इंजनाचं, वरतं. मी वरच्यात टाकलं. तुले 'हाय त्यात थोडं आनखी' असं म्हनाचं होतं, त तसं काहून नाही लिहिलं?

अन् आता म्हनतो गाडी इकतो. सोयाबीन बुडाली तवापासून खेड्यातल्या बाया अकोल्याले येतच नाहीत. मीच गावोगाव जाऊन ब्लाउजचं माप घेतो, शिवून नेऊन देतो. गाडी गेली त माहं कामच गेलं.

तुही,
रागावलेली चंदा

अमरावती, २३ नोव्हेंबर

चि. चंदीस अ. उ. आ.

तुहं पत्र वाचून लय हासलो. मुकी गाय शिंगं मारू लागली म्हना! वरून टाक म्हंजे काय, हे शेंबड्या पोरालेबी समजते. इंजन बसलंच असन. रविवारी आमच्या दुकानातले खुशालराव गाडी घ्याले येतीन, चाबी देजो. पोरीच्या जातीले गाडी कायले पाह्यजे, एसटी हाय ना. आईले नमस्कार. माया हायच.

देवमन

अकोला, ३० नोव्हेंबर

दादा, सा. न.

खुशालराव आले. गाडी एका किकमंदी चालू झाली. गॅरेजवाल्या गयासुद्दीनचाचानं आधीच इंजनातलं सारं तेल काढून नवं टाकलं होतं. गेरचं मी माह्या हातानं टाकलं, मांगून.

मंग मी खुशालरावले तुहा मेसेज दाखोला. तेलाची शिशी त्यायच्या हाती देली अन् म्हटलं, भाऊ, यात लिहिलं तसं तुमी टाकून दाखवा. त्यायनं चष्मा लावला, दोनदा वाचलं, अन् सीधा वरच्या झाकनाले हात घातला!

आई दारातून हे हासली. मंग खुशालरावले म्हने, "गाडीचा कागद माह्या नावावर हाय, अन् मले इकाची नाही, देवमनले सांगजा." खुशालराव चहा पिऊन एसटीनं गेले.

आता मामीले फोन लाव अन् हेबी तसंच हासून सांग. तू नाही सांगतलं त मी लिहीन. मले आता लिहिता येते.

माया कमी नको करू. चाबी मात्र भेटत नाही.

चंदा

काल वांदरायनं शेजारच्या पार्वताबाईच्या डिशची छतरी पाडली. सिरियल पाह्याले ते आपल्याच घरी येऊन बसली हाय.