ठिकाण शंकास्पद

काचेच्या बरणीवर काचेचंच झाकण फिरवलं की जो ‘कुर्र’ आवाज होतो, तो सकाळपासून माझ्या कानात घुमतो आहे. अडतीस वर्षांपूर्वी तुम्ही बोटीवरून उतरून थेट संग्रहालयात आलात, माझ्या टेबलावर बरणी ठेवलीत आणि झाकण घट्ट केलंत, तेव्हाचा तो आवाज.

तर, प्रिय मेव्हणेबुवा, सप्रेम नमस्कार. गुडघा काय म्हणतो? बोटीवर तीस वर्षं शंभर-शंभर माणसांना रांधून घातलेल्या आचाऱ्याला डॉक्टरांनी अळणी जेवायला सांगावं, हा दैवाने केलेला फाजीलपणाच. इकडे सर्व क्षेम. तुमच्या ताईने माझ्याशी अबोला धरल्यापासून तिचा रक्तदाबही उतरला आहे. (अबोल्याचं कारण पुढे येईल. घाई करू नका. मी कविता पाठ करत शिकलेला माणूस आहे, पहिल्या कडव्यात शेवट सांगत नाही.)

मुद्दा असा, की तुमची ती बरणीतली पाल संकटात आहे. तुम्ही अकरा दिवसांच्या प्रवासावरच्या बेटावरून आणलेली, बोटभर लांब, गळ्याखाली निळी रेघ असलेली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खोलीत माझं काम एकच होतं: चिठ्ठ्या लिहिणं. जाड कागद, स्पिरिटमध्ये न विरघळणारी शाई, आणि प्राण्याच्या मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेलं चार ओळींचं आयुष्य: ठिकाण, तारीख, आणणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याची सही. आमचे जुने साहेब सांगत, पालीचं नाव चुकलं तर पुढचा विद्वान दुरुस्त करील. ठिकाण चुकलं तर ती पाल अनाथ झाली. कुठली पाल कुठे सापडते यावरूनच तर कळतं, कोणती जमीन कधी कुणाला चिकटलेली होती आणि समुद्र मध्ये केव्हा घुसला! मी चौतीस वर्षांत एकाही पालीला अनाथ केलेलं नाही.

आणि आता नव्या संशोधक बाई आल्या आहेत. (वयाने माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. हुशार आहेत, हे मी रागाने मान्य करतो.) त्यांनी तुमच्या पालीच्या शेपटीचा कणभर तुकडा घेतला, कसल्याशा यंत्रात घातला आणि तिचं कूळ काढलं. म्हणे, त्या बेटावरच्या पाली लाखो वर्षं एकट्या राहून पार बदलून गेल्या आहेत. ही मात्र आपल्या बंदरामागच्या टेकडीवरच्या पालींची सख्खी बहीण निघते. म्हणून त्यांनी माझ्या चिठ्ठीशेजारी दुसरी चिठ्ठी बांधली: ‘ठिकाण शंकास्पद’. तेही बॉलपेनने!

मी काठी घेऊन तडक तिथे गेलो. म्हटलं, बाई, पाल ओंडक्यावर बसून समुद्रापार जाऊ शकते की नाही? त्या म्हणाल्या, जाऊ शकते. बेडूक खाऱ्या पाण्याने मरेल, पालीचं खवल्यांचं अंग टिकतं. खाणं थोडं लागतं. अंडी सालीच्या फटीत चिकटवली की तीही फुकटात प्रवास करतात. अहो, मग? पुरात झाड कोसळलं, टेकडीवरून नदीत, नदीतून समुद्रात. मला तर ते दृश्य दिसूच लागलं आणि तिथल्या तिथे दोन ओळी सुचल्या:

निघाली समुद्री पुराच्या जलाने,
मिठी ओंडक्याला दिली पावलाने!

(वृत्त भुजंगप्रयात. सरपटणाऱ्यांना दुसरं कोणतं शोभणार?)

बाई हसल्या. म्हणाल्या, आजोबा, पण तिथे पोचली तर थोडीतरी बदलायला हवी होती ना? मी म्हटलं, नुकतीच पोचली असेल! सामानही सोडलं नसेल बिचारीने. त्या म्हणाल्या, मग त्यानंतर तिथे गेलेल्यांना तसली एकही का सापडली नाही? मी म्हटलं, कशी सापडेल? एकच पोचली होती, ती आमच्या मेव्हण्यांनी पकडून आणली!

यावर त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. (याला मी उत्तर मानत नाही.) पण त्या हळूच म्हणाल्या, की संग्रह नव्या इमारतीत जाणार आहे आणि तिथे जागा कमी, शंकास्पद ठिकाणांच्या बरण्या निकालात निघणार.

निकालात! मेव्हणेबुवा, मी बरणी पिशवीत घातली आणि चालू लागलो. दरवाजावरच्या रखवालदाराने मला सलाम केला, मीही त्याला केला. बसमध्ये झाकण जरा हललं आणि स्पिरिटचा वास सुटला. शेजारचे गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, आजोबा, घर येईपर्यंत तरी दम धरा. घरी बरणी कपाटात कपड्यांमागे दडवली. मुलाने कपाट उघडलं, वास घेतला आणि खुर्चीतच बसला. तुमच्या ताईने माझं तोंड हुंगलं, ‘या वयात?’ एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून अबोला. बरणी दाखवून मी एका क्षणात सुटलो असतो. पण मग बरणी परत गेली असती. म्हणून मान वर करून सांगितलं, होय, घेतो थोडी! चौऱ्याहत्तराव्या वर्षी दारुडा ठरेन, पण चुकीची चिठ्ठी लिहिणारा ठरणार नाही. बाईंना, संग्रहालयाला आणि त्या यंत्राला काय करायचं ते करू दे. मी वाकणार नाही.

आपला,
ताठ मानेचा (मणक्याचा पट्टा आहे, पण तो निराळा) दाजी

ता. क. एवढंच करा: ‘ही पाल मी बेटावर स्वतः पकडली’ अशी एक ओळ लिहून, खाली सही करून पाठवा. सगळं पत्र खरं तर याचसाठी.

ता. क. २. मात्र बेटावर उतरला असाल तरच लिहा. त्या दिवशी तुमच्या बुटांना टेकडीची तांबडी माती होती. ओलीच होती. मी पाहिली. मी काही विचारलं नाही, कारण लग्नानंतर सहा वर्षं तुम्ही माझ्याशी धड बोलला नव्हता, आणि त्या दिवशी प्रथमच माझ्यासाठी म्हणून काही आणलं होतंत. मी टाक उचलला आणि तुम्ही सांगितलंत ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

ता. क. ३. बाई तुमची चौकशी करत होत्या. मी घाईत सांगितलं, की तुम्ही वारलात. क्षमा असावी. (शेवट फार शांत झाला, असं सांगितलं आहे.) तुमचा पत्ता जुन्या नोंदवहीत असतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

दाराची घंटा वाजते आहे. आलोच.

तुम्ही! काठी टेकत, एवढा जिना चढून, हातात बाईंनी तुमच्या कुटुंबाला पाठवलेलं सांत्वनाचं पत्र! समोर बसला आहात, तीनदा ‘दाजी, ती पाल...’ म्हणून झालं, आणि तीनदा मी हात वर करून थांबवलं, कारण पत्र अर्धं टाकायची मला सवय नाही. तुमची ताई दारात उभी आहे. कपाटाकडे बघते आहे आणि तुमच्याकडेही. पाणी घ्या. धाप ओसरू द्या. हे वाचा.

मी टाक शाईत बुडवला आहे. आता ठिकाण सांगा.